गाळलेली आई

२ सप्टेंबर

द्वेष! चक्क द्वेष! जो माझ्यामागे येतो आणि आपल्या आईबापांचा द्वेष करत नाही, त्याला माझा शिष्य होता यायचं नाही — येशू म्हणे असं बोलला. आणि शुक्रवारच्या प्रार्थनासभेत हे वाचायची पाळी कुणाची? माझी! जिची एकुलती एक पोर महिनाअखेर सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटमध्ये चाललीय, तिची! पाळ्या लावणाऱ्या बाई म्हणतात, "अहो, तुमचा नंबर आपसूक आलाय." दुष्काळात तेरावा महिना.

३ सप्टेंबर

फादरना गाठलं. "त्या काळची बोलायची रीत होती. द्वेष म्हणजे कमी प्रेम," म्हणाले. मग तसं म्हणायचं ना! शत्रूवर प्रेम करा म्हणायचं आणि आईचा मात्र द्वेष — हा कुठला न्याय? फादर हसले. यांना हसायला काय जातंय? पोर ना बाळ!

५ सप्टेंबर

दिवसभर दुकानात शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी. घरी येऊन पोरीचे कॉन्व्हेंटचे पांढरे झगे शिवायला बसले. रागाच्या भरात बाही उलटी जोडली. उसवली. कार्टी समोर बसून सुईत दोरा ओवून देत होती. "आई, किती चिडतेस गं!" म्हटलं, "बाप गेल्यावर तुला एकटीनं वाढवली, ती काय देवाला आंदण द्यायला?" जेवली नाही. मग मीही नाही.

तरी शिवणीत भरपूर माया सोडलीय. पुढे अंगानं भरली तर उसवून सैल करता येईल.

६ सप्टेंबर

वाचलं. बाप, बायको, मुलं, भाऊ, बहिणी — सगळे घेतले. आई तेवढी गाळली! कुणाला पत्ता नाही. फादर डोळे मिटून मान डोलावत होते. देवा, रागवायचं तर खुशाल रागव.

शेवटच्या बाकावरून ती मात्र टक लावून बघत होती.

१५ सप्टेंबर

झगे तयार. घालून बघ म्हटलं तर "नंतर" म्हणाली. हिचं काहीतरी बिनसलंय.

२८ सप्टेंबर

"मी नाही जात, आई. त्या दिवशी तू स्वतःला गाळलंस ना? मला कळलं. तुला टाकून कुठं जाऊ?"

जिंकले! महिनाभर हेच तर हवं होतं. शेजारणीला सांगून आले, चहा टाकला. ती बॅगेतले झगे काढून कपाटात लावत होती, एकेक घडी नीट करून. चेहरा पार विझलेला. शाळेत असल्यापासून हिला दुसरं काही नको होतं. कॉन्व्हेंटचा होकार आला तेव्हा जिन्यात नाचली होती वेडी! आता इथं बसून माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणार. हसतमुखानं. जन्मभर.

चहा तसाच मोरीत ओतला.

३० सप्टेंबर

सकाळी बॅग मीच भरली. "अगं, नाही म्हटलं ना मी!" म्हणाली. मग तोंडाला येईल ते बोलले — तुझा वीट आलाय मला, तोंड बघायचं नाही तुझं, माझ्या घरात नको तू! बॅग जिन्यात टाकली. टॅक्सीत बसली, रागानं लालबुंद. वळूनसुद्धा बघितलं नाही. रडत निघाली असती तर कोपऱ्यावरून परत आली असती.

घे, देवा! झालं तुझ्या मनासारखं?