मामा, गाडी चालूच आहे

तीर्थरूप मामांना खुडबुड्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात निम्माच घातला आहे. बॉनेटमध्ये वाकून वाकून कंबर धरली आहे, उरलेला भेटीअंती घालीन.) तुमचा नवा गुडघा कसा आहे? जिना जमतो का? ताईच्या घरी सगळे हल्ली पुटपुटत बोलतात अशी तुमची तक्रार मामींकडून कळली. मामींनाही नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर मी काहीही सांगितलं तरी तुम्ही "बरं बरं, उत्तम" म्हणता. मध्यंतरी मी धीर करून "गाडीचा कार्ब्युरेटर काढलाय" म्हणालो, त्यावरही तुम्ही "उत्तम" म्हणालात, आणि मी दचकून फोन ठेवला. कारण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ताईकडे जाताना, किल्ली माझ्या हातावर ठेवून तुम्ही बजावलं होतं, "रविवारी सुरू करायची, थोडी फिरवायची, पुसून ठेवायची. इंजिनाला बोट लावलंस तर तू माझा भाचा नाहीस." आता पुढच्या महिन्यात तुम्ही येणार आणि मामींना शेजारी बसवून गाडी स्वतः घरी नेणार. त्यानंतर मी भाचा उरतो की नाही, या काळजीने मला जेवण जात नाही. म्हणून जे झालं ते क्रमवार सांगतो. (क्रम चुकेल.)

बोट मी आपणहून लावलेलं नाही. एका रविवारी गॅरेजात पेट्रोलचा इतका वास आला, की हिने आमची शेगडी बंद केली, शेजाऱ्यांची बंद करायला लावली आणि मग माझ्याकडे पाहिलं. कार्ब्युरेटर पाझरत होता. मी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याला सगळे प्राध्यापक म्हणतात, कारण पाना हातात घेण्याआधी तो तासभर बोलतो. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाचं स्वयंपाकघर, पेट्रोल आणि हवा मापात कालवून आत वाढायची, असं त्याने मला समजावलं. (हे मला तुम्हीच लहानपणी शिकवलं होतं, पण त्याला थांबवणं शक्य नव्हतं.) मग निदान झालं. आतला दांडा झिजलाय, कडेने फुकटची हवा ओढतोय, हा जुना टाका, त्याच्या जागी दोन नळ्यांचा मोठा बसवू, गाडी उडेल! मला गाडी उडायला नकोच होती. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, समोरचा ठामपणे बोलला की माझी मान आपोआप हलते.

मोठा कार्ब्युरेटर बसला, तर त्यावर फिल्टर बसेना. प्राध्यापकाने फिल्टर कापला. मग बॉनेट लागेना. तो बॉनेटकडेही तशाच नजरेने बघू लागला तेव्हा मात्र मी गाडीवर आडवा पडलो. (मामा, बॉनेटला ओरखडाही नाही. मला आहे.) शेवटी बॉनेट दोरीने बांधून निघालो. त्या कार्ब्युरेटरला भस्म्या झाला असावा. पाजलेलं पेट्रोल पचेना, तेव्हा गाडी ते काळ्या धुराने परत करायची. सिग्नलला थांबली की बंद पडायची, म्हणून मी सिग्नल टाळून गल्लीबोळांतून जाऊ लागलो, तर गल्लीत मागून फाट्कन असा बार व्हायचा की दुकानदार शटर ओढून घ्यायचे. हिला बाजारात सोडायला निघालो, तर ही अर्ध्या वाटेत उतरून चालू लागली आणि माझ्याआधी पोचली. एवढं होऊन प्राध्यापक म्हणाला, गाडीला सवय होऊ द्या.

तेव्हा जुनाच बरा असं मी ठरवलं. (हिने ठरवलं.) लेथवाल्याकडून त्याच्या दांड्याला पितळेचं बुश बसवून आणलं, बारीक भोकं फुंकून साफ केली आणि प्राध्यापकाला पत्ता लागू न देता ट्यूनिंगला बसलो. भरवसा एकच होता, माझे कान. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासतो, कोणाला कुठवर ऐकू येतं त्याचे आलेख काढतो, मला एक इंजिन ऐकता येऊ नये? पण घाबरलेल्या माणसाला नसलेलंही ऐकू येतं. इंजिन तापवायचं, चोक आत ढकलायचा, मिश्रणाचा स्क्रू फिरवून इंजिन चढवायचं, मग रेसचा स्क्रू सैल करून उतरवायचं, पुन्हा मिश्रण, पुन्हा रेस. आणि दरवेळी कुठून तरी एक टकटक यायची. ती शोधण्यात मी सबंध इंजिन पिंजून काढलं. ती हिच्या शिलाई मशीनची निघाली.

आणि मग, मामा, गाडी एकदम सुरात आली. हिने चहाचा कप फिल्टरवर ठेवला (ती काय कप ठेवायची जागा आहे?), पण आतला चहा हलला नाही. मला भरून आलं. लगेच तुम्हाला फोन लावून फोन इंजिनाजवळ धरला. तुम्ही म्हणालात, "अरे, चालू कर ना!" मी रेस जरा वाढवली. "चालू कर की, किती वेळ लावतोस?" आणखी वाढवली. मग आणखी. शेवटी इंजिन केकाटायला लागलं, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, कप खाली पडून फुटला, तेव्हा कुठे तुम्ही खुशीत म्हणालात, "हं! ही माझी गाडी. आता हात लावू नकोस."

तर रेस तुम्हाला हवी तिथेच ठेवली आहे. गाडी सुखरूप आहे. गुडघ्याला जपावं.

आपला (अजून असेन तर) भाचा,
खुडबुड्या

ता. क. खरं म्हणजे एवढ्यासाठी पत्र लिहायला बसलो नव्हतो. ट्यूनिंग झालं की रेसच्या स्क्रूची खाच जिथे थांबली तिथे मामींच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, ही तुमची पद्धत मी लहानपणापासून बघतो आहे. (मामींची बोलणीही तेव्हापासून ऐकतो आहे.) ते सगळे ठिपके अजून जागेवर आहेत. पहिला लालभडक, मग गुलाबी, मग तपकिरी, आणि शेवटचा फिका, मामी हल्ली लावतात तो. मी माझ्या कानांनी गाडी लावली तेव्हा खाच बरोबर लाल ठिपक्यासमोर आली होती. फोनवर तुमच्या पसंतीला उतरली तेव्हा ती फिक्याच्याही पुढे गेली होती. मधले ठिपके एकापुढे एक, घट्ट करायच्या, म्हणजे आवाज वाढवायच्या बाजूलाच सरकत गेलेले, एकही मागे आलेला नाही. असे आलेख मी रोज काढतो, मामा. ते इंजिनाचे नसतात.

फोनचाच दोष असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग ताईकडची पुटपुटणारी माणसं आठवली. पत्त्यांचा अड्डा तुम्ही कंटाळा आला म्हणून सोडलात, ते आठवलं. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी तुम्ही बाजू देत नाही, त्याला आम्ही कौतुकाने तुमचा ताठा म्हणत आलो. आता त्या गाडीत मामी शेजारी बसणार, आणि मला भीती वाटते. म्हणून विनंती एवढीच, की आल्यावर घरी न जाता आधी माझ्या दवाखान्यात या. काचेच्या खोलीत बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. दुखत नाही. राग आला तर खुशाल फोन करून ओरडा. मला ऐकू येतं, अडचण ती नाहीच.

ता. ता. क. मामींना यातलं काही सांगू नका, असं लिहिणार होतो. तेवढ्यात हिने मागून वाचलं आणि म्हणाली, मामींनीच तर मागच्या वर्षी तिला हे तुमच्या कानांचं सांगितलं. मग मला का नाही सांगितलं, म्हणून मी चिडलो. म्हणते, "तुम्ही आधी गाडीच उघडून बसला असता."

आणि रेस तुम्हाला हवी तिथे ठेवली आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. खाच मी पुन्हा लाल ठिपक्यावर आणली आहे. कानात मशीन घालून तुम्ही दवाखान्यातून बाहेर याल तेव्हा गाडी दारात चालू ठेवलेली असेल. तुम्ही "चालू कर ना" म्हणालात, तर मी पुढे बसून तुम्हा दोघांना घरी सोडीन. तसं म्हणाला नाहीत, तर किल्ली तुमची, शेजारची जागा मामींची, आणि मी मागे गप्प बसेन.