टिटवीची फळी

३ मार्च

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र शनिवारी पोचले. इकडे ठीक आहे. गुडघा चालतो, म्हणजे मी त्याला चालवते. देवाजवळ रोज दिवा लावते तेव्हा तुझे नाव आधी घेते, मग बाकीच्यांचे.

टिटवी लिहिले म्हणून रागावू नकोस. घरच्या मुलीला त्या पक्ष्याचे नाव नको, अपशकुनी असते, असे मीच तुझ्या बाबांना वर्षानुवर्षे बजावत आले. ते म्हणायचे, "अगं, टिटवीसुद्धा समुद्र आटवते. आपली तर नुसते घर डोक्यावर घेते." आता त्या नावाने हाक मारणारेच गेले. निदान कागदावर तरी ते राहू दे.

बाबांची खोली आवरली का, असे तू विचारलेस. नाही आवरली. झाडते, पुसते, खिडकी उघडते. टर्पेंटाइनचा वास अजून आहे. पूर्वी त्या वासाने माझे डोके उठायचे, आता खिडकी लवकर लावून घेते.

तुला त्यांचा दिवस आठवतच असेल. पहाटे खिशात वही घालून तलावाकडे. जो पक्षी समोर येईल त्याच्या चार रेघा पेन्सिलीने. साडेआठला खोलीत, आणि दुपारपर्यंत तळहाताएवढ्या फळीवर एक तैलचित्र पुरे. पक्षी नाही मिळाला तर माझ्या स्वयंपाकघरावर धाड. पातेले, लिंबू, दोन कांदे, फडके. कांदे मला अकराला परत लागत. "तुझ्या आईमुळे मी भराभर काढायला शिकलो," असे चारचौघांत सांगायचे. एकदा वांगे अर्धे रंगवून झाले होते आणि मी ते चिरले. उरलेले अर्धे त्यांनी आठवणीने काढले. ते चित्र सगळ्यांत आधी विकले गेले.

वहीचेही तुला ठाऊक आहे. फळीचा नंबर, तारीख, चित्र कशाचे, आणि शेवटी शेरा: राखले किंवा काढले, म्हणजे घासून टाकले. आवडलेले चित्र खोलीकडे तोंड करून ठेवायचे, न आवडलेले भिंतीकडे. भिंतीकडचे महिनाभराने मी पायरीवर बसून काचकागदाने घासायचे, वर पांढरे अस्तर द्यायचे, की फळी पुन्हा नवी. "फळ्या काय झाडाला लागतात?" मी म्हणायची. "लागतात की," ते म्हणायचे.

उजवा हात लुळा पडल्यावरही दिवस तोच ठेवला. डाव्या हाताने काढायचे. एका दिवसाच्या जागी आठ-आठ दिवस लागत, आणि सगळे करडे, तपकिरी, पसरट.

टिटवीच्या चित्राचे तू विचारतेस. त्यांनी डिसेंबरात तुला पत्रात लिहिले होते ना, तुझ्यासाठी काढले आहे म्हणून. वहीत नोंद आहे. १४ डिसेंबर, टिटवी, शेरा राखले. अक्षर माझेच, त्यांचा हात गेल्यापासून नोंदी मीच करायचे. नंबराचा रकाना तेवढा रिकामा आहे. राखले लिहिले आहे म्हणजे घरातच आहे. जाईल कुठे? सापडले की पाठवते.

तुझ्या कामाचे वाचून बरे वाटले. कवळीच्या दातांना रंग जुळवायचा म्हणजे बारीक काम. बाबा सांगायचे, "माझ्या लेकीला पांढऱ्याचे सोळा प्रकार कळतात, मला नऊच." जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई


१९ मार्च

चि. टिटवीस,

आशीर्वाद. तुझे कार्ड आले. तीन ओळींचे. मायना नाही, खाली नाव नाही. चालेल.

"पुन्हा चुकून घासलेस का?" असे विचारतेस. 'चुकून' या शब्दाखाली रेघ मारली आहेस.

मी सगळ्या फळ्या काढून पाहिल्या. तीनशे बारा निघाल्या. वही मांडीवर घेऊन एकेक ताडून पाहिली. खंड्या सात, कावळे एकोणीस (कावळा कंटाळला तरी हे कंटाळत नसत), साळुंक्या, बगळे, आणि पातेले तर किती वेळा ते विचारू नकोस. माझ्या पातेल्याचा पोचा प्रत्येक चित्रात आहे. टिटवी नाही. माळ्यावर पाहिले, पलंगाखाली पाहिले, चौकटवाल्याकडे माणूस पाठवून विचारले. त्याच्याकडेही नाही.

मी ती फळी घासलेली नाही. देवाची शपथ घेऊन लिहिते, आणि मी शपथ कधी उगाच घेत नाही हे तुला माहीत आहे.

आणि मागची गोष्ट तू किती वर्षे धरून बसणार आहेस? तू सोळा वर्षांची होतीस, कलाशाळेत पाठवायचे तुझे चित्र होते, ते माझ्या हातून घासले गेले, मान्य. पण ते भिंतीकडे तोंड करून होते. घरात नियम काय होता? भिंतीकडचे ते काढायचे. मला काय स्वप्न पडणार होते, तू काढले आहेस म्हणून? तेव्हाही हेच सांगितले, आजही हेच सांगते. तू त्यानंतर चार वर्षे घरात राहिलीस आणि माझ्याशी मिठापुरते बोललीस. मग गेलीस. बाबांना शेवटचे पाहायला आलीस ती दाराशी उभी राहिलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मी तुझ्यासाठी अंथरूण घातले होते.

असो. टिटवी सापडेपर्यंत तुला त्यांचे शेवटचे चित्र पाठवते. माझा चष्मा आहे त्यात, बाकी काही नाही. त्यांनीच चौकटवाल्याला बोलावून ते माझ्या शिवणयंत्राच्या वर लावून घेतले होते. मला ते द्यायचे नव्हते. पण घरातून काहीच आले नाही असे तुला वाटू नये. सोमवारी चौकटवाला येऊन उतरवून बांधून देईल.

आई


२ एप्रिल

माझ्या लेकी,

हे पत्र मी चार वेळा सुरू केले. पहिल्या तीन कागदांच्या कोऱ्या बाजू हिशेबाला ठेवल्या आहेत, त्यावरून तुला कळेल की डोके ठिकाणावर आहे.

चौकटवाला सोमवारी आला. स्टुलावर चढून चित्र उतरवले, चौकटीतून फळी मोकळी केली, आणि उजेडाला तिरकी धरून म्हणाला, "काकू, ही जुनी फळी दिसते. खाली पाय आहेत."

"कसले पाय?"

"पक्ष्याचे. हे बघा, चष्म्याच्या भिंगाखालून दोन रेघा उभ्या आल्यात. रंग जाड होता, घासून पुरता गेलेला नाही." मग त्याने फळी उलटी केली. "मागं लिहिलंय की. मी लावलं तेव्हा घाईत बघितलं नव्हतं."

त्याने वाचले नाही, माझ्यापुढे धरले. मी घातलेल्या फळीच्या नंबराखाली पेन्सिलीने, डाव्या हाताचे, उतरत गेलेले अक्षर होते: टिटवी. लेकीसाठी.

मी त्याला चहा दिला. तो गेल्यावर वही घेऊन बसले.

तुला तारखांनी सांगते, म्हणजे काही सुटणार नाही. १२ डिसेंबरला मी माझ्याच चष्म्यावर बसले. काडी मोडली, दुकानात दिला. त्या आठवड्यात नळवाला न्हाणीची भिंत फोडत होता, घरभर धूळ. १३ तारखेला दुपारी हे झोपले होते. चष्मा नाही म्हणून शिवण नाही, वाचन नाही. रिकामे बसायचे कशाला, म्हणून भिंतीकडे तोंड केलेल्या चार फळ्या पायरीवर नेल्या आणि घासल्या. मला दिसत होते ते एवढेच, करडे आणि तपकिरी. त्यांची डाव्या हाताची सगळीच तशी. एकीवर लाल ठिपका होता. टिटवीच्या डोळ्यापुढे असतो तो. मी त्यावर जरा जोर दिला, कारण लाल रंग अस्तरातून वर येतो.

धूळ बसू नये म्हणून त्यांनी ती फिरवून ठेवली असणार. एका हाताने. त्यांना वाटले असेल, भिंत होऊ दे, मग नोंद करू.

संध्याकाळी उठून काठी टेकत आले. चार पांढऱ्या फळ्या खिडकीत वाळत होत्या. माझ्याकडे पाठ करून फळ्यांपुढे उभे राहिले. मी विचारले, "काय बघताय?"

"अस्तर छान लागलंय," म्हणाले. "कुठं काही राहिलं नाही."

मला ते कौतुक वाटले. सांगते ते खरे सांगते, मला बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी चष्मा दुरुस्त होऊन आला. मी वही उघडून विचारले, "आज काय लिहू? तुम्ही तर काही काढलं नाही."

"लिही. टिटवी. राखलं."

"कुठं आहे? नंबर?"

"घरात आहे. नंबर राहू दे." मग म्हणाले, "ती कडेची फळी दे. आणि चष्मा काढून इथं टेबलावर ठेव."

"अहो, आत्ता तर आला."

"म्हणूनच," म्हणाले.

आठ दिवस रोज तासभर मी चष्म्याविना आंधळ्यासारखी समोर बसले आणि ते माझा चष्मा काढत राहिले. मी कुरकुर करत होते, भाजी निवडायची राहते म्हणून. नवव्या दिवशी चौकटवाल्याला बोलावून ते लावून घेतले आणि रात्री त्यांना ताप आला. पुढचे तुला माहीत आहे.

म्हणजे टिटवी राखले असे जे मी माझ्या हाताने लिहिले, ते लिहिले तेव्हा ती पांढरी होऊन खिडकीत होती, आणि त्यांना ते ठाऊक होते. तुला कळवायला पुन्हा हातात लेखणी धरवली नाही त्यांच्याने, की माझी लाज राखली, ते मी आता कोणाला विचारू? मी देवाची शपथ घेऊन तुला खोटे लिहिले. अजाणता, पण खोटेच. देवापुढे कान धरले. तुझ्यापुढे हे पत्र.

आता तू म्हणशील, ही चूक होती हे कशावरून? हात तोच, काचकागद तोच, आणि सबबही तीच. बरोबर आहे. या खेपेला मी खरे सांगते आहे हे तुला पटायचे तर मागच्या खेपेचे खरे सांगावे लागेल. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

तुझे चित्र भिंतीकडे नव्हते.

ते खोलीकडे तोंड करून होते, बाबांच्याच चित्र टेकवायच्या घोडीवर. तीन लसणीच्या गड्ड्या आणि पाण्याचा पेला. पेल्यातल्या पाण्यात खिडकी होती. ते तुझे आहे हे मला माहीत होते. आदल्या दिवशी दार लोटून तुम्ही दोघे आत हसत होता, मी चहा घेऊन बाहेर उभी होते, आणि मी ऐकले, ते म्हणाले, "हे माझ्याहून चांगलं झालंय." मी चहा स्वयंपाकघरात परत नेला. कोणी विचारलेही नाही.

सकाळी घरात कोणी नव्हते. मी आधी तुझी फळी उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. अंघोळ केली, देवाला दिवा लावला, आणि मग जाऊन भिंतीकडे तोंड असलेली फळी घासायला घेतली. देवाशी खोटे बोलावे लागू नये म्हणून. इतकी हिशेबी मी.

तू चित्रकार झालीस तर हाल होतील, घरात एक पुरे, असे मी स्वतःला सांगत आले. त्यातले थोडे खरेही आहे. पण त्या दाराआड दोघे होते आणि मी एकटी बाहेर, हे त्याहून खरे आहे. तुझ्या त्या फळीवर नंतर बाबांनी एक कावळा काढला. एका शब्दाने मला विचारले नाही. त्यांना तेव्हाचेही कळले होते की काय, असे मला डिसेंबरातली त्यांची पाठ आठवली की वाटते. विचारायचे राहिले.

फळी सोबत पाठवते आहे, जुन्या चादरीत शिवून. सकाळच्या तिरप्या उन्हात धर. उजव्या भिंगाखाली बोट फिरवलेस तर पाय लागतील, आणि भिंगाच्या मधोमध एक उंचवटा आहे, तो तिचा डोळ्यापुढचा लाल. तिथे माझा जोर कमी पडला. चौकटवाला म्हणतो, जाणकाराच्या हाती दिली तर वरचे अलगद काढून खालचे थोडेफार दिसेल, पण वरचे जाईल. तुझे हात बारीक कामाचे आहेत, तुला दुसरा जाणकार लागणार नाही. माझा चष्मा खुशाल काढ. मला वाईट वाटेल असे मनात आणू नकोस. वाटेल, पण आणू नकोस.

काल वहीत नोंद पुरी केली. टिटवीपुढे तिचा नंबर घातला, चष्म्यापुढेही तोच घातला. एका नंबरावर दोन चित्रे, असे या वहीत कधी झाले नव्हते. त्यांनी सांगितलेला टिटवीचा शेरा खोडला नाही.

चष्म्यापुढचा शेरा ते गेल्यामुळे लिहायचा राहून गेला होता. तो रकाना तुझ्यासाठी कोरा ठेवला आहे. राखले की काढले, एवढा एक शब्द कळव. जो कळवशील तो मी माझ्या हाताने लिहीन.

अंथरूण अजून घातलेले आहे.

तुझी,
आई