घसा बसला होता म्हणे

प्रिय आर्विल,

‘प्रिय’ लिहिलंय ते आईने पत्र तसंच सुरू करायला शिकवलं म्हणून.

तुझा नवा अल्बम ऐकायचा माझा विचार नव्हता. परवा दुकानात मक्याचं पीठ घेत होते, तर गल्ल्यावरच्या रेटाने रेडिओ मोठा केला आणि म्हणाली, “मिस ड्रेमा, हे तुम्ही रडताय ना?” मीच होते. आईच्या शवपेटीजवळ गात होते, आणि रांगेतली माणसं कान देऊन ऐकत होती.

मग रेटाकडून आणून सगळा ऐकला. बाकीची गाणी चांगली आहेत. पंच्याहत्तरीत तुझा आवाज फाटलाय आणि तू तो फाटकाच ठेवलास. नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या पोरांना गुळगुळीत करू दिला नाहीस. बाबांसारखा वाटतो. हे लिहितानाही राग येतो.

पण शेवटचं गाणं तुझं नाही. आईला पुरलं त्या दिवशी चर्चमध्ये प्रवचन देणाऱ्या ब्रदर ऑल्डननी ओळ द्यायला, आधी एकट्याने म्हणून दाखवायला, तुलाच सांगितलं होतं. मुलगा तू एकटाच. तू म्हणालास, घसा बसलाय. मग ओळ त्यांनी दिली, आम्ही सगळ्यांनी त्यांच्यामागून गात उचलली, आणि तू मागच्या बाकावर कोटाच्या खिशावर हात दाबून बसलास. मला वाटलं, छातीत दुखतंय. गाणं अर्ध्यात सोडून मी तुला पाणी आणून दिलं. खिशात फोन चालू होता. माझा आवाज तुटतो ती जागा अल्बमवर आहे. रेडिओवाला म्हणाला, त्या थांबण्यात साऱ्या डोंगराचं दुःख आहे. तिथे मी तुझ्यासाठी पाणी आणायला गेले होते.

आणि त्याखाली स्टील गिटार. आपल्या चर्चमध्ये वाद्य येत नाही. तुझी गिटारसुद्धा आई बाहेर पायरीवर ठेवायला लावायची. वर गाणाऱ्यांच्या नावांच्या जागी छापलंस, ‘डोंगरातले स्वर’. आम्हाला नावं आहेत, आर्विल. तुला ती पाठ आहेत.

गाणं काढून टाक म्हणायला लिहीत नाही. ते आता कुठे निघणार. येत्या रविवारी आईच्या थडग्यापाशी स्मरणाची सभा आहे. ब्रदर ऑल्डन म्हणाले, आर्विलला बोलाव, ओळ तोच देईल. मी नको म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा ये. कोट गाडीत ठेव. घसा बसला असेल तर बसलेल्या घशाने ओळ दे. उचलायची की नाही ते मी तिथे उभी राहून ठरवीन. पाणी मात्र आणणार नाही.

अजून तरी तुझीच बहीण,
ड्रेमा