दारातली बटणं

२ डिसेंबर

लागली! नोकरी लागली! मला!

ताईने बातमी ऐकली आणि आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. मग म्हणाली, किती दिवस टिकणार? मी म्हटलं, बघू. माझी पिशवी अजून खाटेखालीच आहे, अर्धी भरलेली. पायाला भिंगरी म्हणून घरात माझं नावच भिंगरी.

नोकरी भावोजींच्याच फाउंड्रीत. तिथे लोखंड वितळवून साच्यात ओततात, आणि गार झालेल्या भागांच्या खरबरीत कडा भावोजी आणि मंडळी ग्राइंडरने घासतात. माझं काम म्हणजे सकाळी सगळ्यांच्या हातात पट्ट्या घालायच्या, संध्याकाळी काढून घ्यायच्या. पट्टी मधल्या बोटात बसते, हातमोज्याच्या आत, आणि तिची तार मनगटावरच्या घड्याळाला जोडलेली. ग्राइंडरने हात जेवढा हादरतो तेवढे घड्याळात गुण चढतात. ठरलेली हद्द आली की पट्टी बोटाला गुदगुल्या करते. (खरंच! मी लावून बघितली. ओरडलेच.) घड्याळ शिटीही वाजवतं, पण त्या गोंगाटात कानात बोळे घातलेल्या माणसाला ती ऐकू येणार कशी?

बाकीचं सगळं पट्ट्या देणाऱ्या मॅडमनी नीट समजावून सांगितलं. मी ऐकतच होते — पण वाळूच्या ढिगावर एक मांजर आपली पिल्लं एकेक करून हलवत होती आणि शेवटचं पिल्लू तिला सापडेना. मलाही दिसेना. अखेर बादलीमागे सापडलं, तोवर मॅडमचं बोलून झालं होतं.

काही शंका आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, छे!

३ डिसेंबर

आज एक गोष्ट लिहायचीच आहे, नाहीतर विसरेन.

ताईचं घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने परत खाली जायचं. रोज सकाळी त्या जिन्याच्या तोंडाशी, दारात, भावोजी उभे राहतात आणि ताई त्यांच्या शर्टाची बटणं लावते. वरपासून खालपर्यंत. ते छताकडे बघत असतात. दोघं एक शब्द बोलत नाहीत. शेवटचं बटण लागलं की ती त्यांच्या पोटावर एक चापट मारते — निघा!

लग्नाला इतकी वर्षं होऊनही! मी पांघरुणातून एक डोळा उघडा ठेवून बघते आणि मलाच लाजायला होतं. असं कुणी भेटलं तर मी भटकणं सोडून देईन. बहुतेक.

खालच्या दुकानात दिवसभर घंट्या तपासत असतात. ट्रिंग. ट्रिंग. आता विसरले काय लिहीत होते ते.

५ डिसेंबर

मी एक शक्कल लढवली! भिंतीवर फळा टांगला आणि रोज संध्याकाळी सगळ्यांचे गुण लिहायला लागले. सगळ्यांत जास्त गुण ज्याचे तो ‘आजचा राजा’. ग्राइंडरच्या चाकांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मुकुटसुद्धा केला.

पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सगळे फळ्यासमोर रांगेत! हत्ती म्हणून एकजण आहे, दारातून आत यायचं तर तिरका होतो, आणि मन मात्र लहान मुलाचं. तो जेवणाच्या सुट्टीतही नुसता ग्राइंडर चालू करून हातात धरून बसला. समोर घासायला काहीच नाही! गुण वाढवतोय म्हणाला. मी म्हटलं ही चिटिंग आहे. फोरमनकाका म्हणाले, ए घड्याळवाले, तू आल्यापासून माझ्या माणसांना वेड लागलंय. पण तेही रोज फळा वाचून मगच घरी जातात.

राजा कोण, तर दोन्ही दिवस माझे भावोजी! हत्तीच्या वर! मुकुट घालून घरी आले. ताईने बघितलं आणि हसली नाही. तिला खेळ कळत नाही.

७ डिसेंबर

आज ग्राइंडर हातात घेतला! फोरमनकाकांची पाठ वळली होती. काय सांगू! ठिणग्यांचं कारंजंच! दात वाजले, गाल हलले, डोक्यातले विचारसुद्धा हलले असतील. ठेवला तरी हात आपले गुणगुणतायत. बोटांतून मुंग्या धावतायत, चहाचा कप धरला तर चहा नाचतोय. आत्ता हे अक्षरही नाचतंय — बघा तरी! मला इतकं हसू आलं की हत्तीने पाणी आणून दिलं.

काय मजेचं काम आहे हे.

९ डिसेंबर

मेले.

मॅडम आल्या. फळा बघितला. मुकुट बघितला, भावोजींच्याच डोक्यावर होता. आधी त्यांना हसू आवरेना, खुर्ची धरून हसल्या, डोळ्यांना पाणी आलं. मग चष्मा पुसला, आणि पुसून होईस्तोवर चेहरा पार बदलला होता.

हे गुण कमी असायला हवेत! जास्त म्हणजे हाताला मार जास्त. हद्द आली, गुदगुल्या झाल्या की ग्राइंडर खाली ठेवायचा आणि उरलेला दिवस न हादरणारं काम करायचं. नाहीतर आधी मुंग्या येतात. मग थंडीत बोटांची टोकं पांढरी पडतात. मग हळूहळू स्पर्शच जातो, आणि एकदा गेला की परत येईल याची खात्री नाही.

मी आठवडाभर लोकांना हात बिघडवण्याबद्दल मुकुट घालत होते! एका मांजरीपायी!

मॅडम मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, फळा राहू दे. शर्यत चांगलीच आहे, फक्त उलटी लाव.

मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, कुणाची बोटं बधिर होतात का? सगळे एका सुरात — नाही! प्रार्थनेसारखं. हत्ती तर दोनदा म्हणाला.

१० डिसेंबर

उलटी शर्यत सुरू. सगळ्यांत कमी गुण तो राजा. आणि उलटी जास्त धमाल निघाली! दुपारनंतर एकेकाला गुदगुल्या व्हायला लागल्या. हत्ती एवढ्या मोठ्याने खिदळला की वरचा क्रेनवाला थांबून खाली बघायला लागला. ज्याला गुदगुल्या झाल्या त्याने झाडू घ्यायचा, नाहीतर रंगाचा ब्रश, नाहीतर माल मोजायचा. फोरमनकाकांनी ग्राइंडरच्या पाळ्या पाडल्या. जड ग्राइंडर स्प्रिंगने वरून टांगायचा, म्हणजे करकचून धरावा लागणार नाही, ही युक्तीही त्यांचीच. काका नेहमीच्या चेनच्या जॅकेटात मधोमध उभे, सेनापतीसारखे. त्या चेनीला त्यांनी एक मोठा वायसर, नटाखाली घालतात ती भोकाची चकती, बांधलाय. का, ते विचारायचं राहिलं.

भावोजी तेवढे घासतच राहिले. खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबले. पट्टी बिघडलीय म्हणाले.

११ डिसेंबर

नवी पट्टी दिली. तीही बिघडली. तिसरी दिली, तीही! फोरमनकाका म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं, तुझ्या भावोजींना झाडू नकोय, दुसरं काही नाही.

संध्याकाळी तिन्ही पट्ट्या मी माझ्या बोटांत घातल्या आणि तपासायचं बटण दाबलं. तिन्हींनी एकदमच गुदगुल्या केल्या. मी ओरडले नाही.

१२ डिसेंबर

सकाळी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं. भावोजी छताकडे बघत नसतात. डोळे मिटलेले असतात.

ते गेल्यावर ताईला विचारलं. तिने आधी भांडी घासली, मग ओटा पुसला, मग पुसलेलाच ओटा परत पुसला.

“बटण हातात आलंय की नाही तेच त्याला कळत नाही,” म्हणाली. “बघितलं तरच कळतं.”

मागच्या हिवाळ्यापासून चाललंय हे. आधी चिल्लर सांडायची, मग चावी, मग बटणं. भावोजींचं म्हणणं एकच — घासकाम सोडून मला काय येतं? कळलं की काढून टाकतील. म्हणून ग्राइंडर चालूच, आणि रोज बोटं आणखी थोडी जातायत. ताई म्हणते मी रोज थांब म्हणते, तो रोज उद्या म्हणतो. रात्री तिचा हात धरतो तेव्हा ती विचारते, कळतंय का? तो म्हणतो, कळतंय. तिला माहितीय खोटं बोलतोय ते.

माझ्याकडून वचन घेतलं. कुणाला सांगायचं नाही.

आणि मला ते प्रेम वाटत होतं! मुकुट घालून पाठवला मी त्यांना घरी.

१३ डिसेंबर

माझ्या पोटात काही राहत नाही. आज दोनदा मॅडमपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आले. पिशवी उचलून पळून जावं असं वाटलं. उचललीही. परत ठेवली.

१४ डिसेंबर

सांगणार नाही असं वचन दिलंय. दाखवणार नाही असं कुठे दिलंय?

सुचलंय! झोप येणार नाही आता. येऊ नये!

१६ डिसेंबर

सगळं नीट क्रमाने लिहायचं. सटकायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी ताईकडून आणलेला जुना शर्ट टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं — नवी शर्यत! शर्ट अंगात घालायचा, डोळे मिटायचे आणि बटणं लावायची. जो सगळ्यांत लवकर लावेल त्याला मुकुट. मॅडमना आधीच ‘शर्यत बघायला या’ एवढंच सांगून बोलावून घेतलं होतं. त्या कोपऱ्यात केळं खात बसल्या, जणू काही नाहीच.

हत्ती पहिला आला. शर्ट त्याला होईना तर उलटा घातला, पुढचं मागे, आणि दुसऱ्याने त्याची पाठीवर बटणं लावली. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. आणखी दोघंतिघं आले. कुणाचं भराभर झालं. कुणाचं एक बटण लागेना, तेव्हा तो ‘शर्टच फालतू आहे’ म्हणून काढून निघून गेला. मॅडम केळं खायच्या थांबल्या.

भावोजी चहाच्या पिंपामागे जाऊन उभे राहिले होते. चहा घेत नव्हते.

मग सगळे ओरडायला लागले, फोरमनकाका! काका! काका नको नको म्हणत होते तरी हत्तीने त्यांना ढकललंच. जॅकेट काढलं — चेन ओढताना वायसरात बोट अडकवून — शर्ट घातला, डोळे मिटले. आणि नुसती बोटं फिरवत राहिले. बटणावरून गेली, परत आली, परत गेली. कुणी हसेना. काकांनी डोळे उघडले, बटणाकडे बघून ते लावायचा प्रयत्न केला, आणि मग तसेच उघड्या शर्टाने बाकावर बसले.

तेव्हा मला तो वायसर कळला.

“मी ग्राइंडर धरायचो तेव्हा हात हादरतात तर हादरू दे म्हणायचे,” काका म्हणाले. “मर्दाचं काम. मीही पुढे सगळ्यांना तेच सांगितलं.”

पिंपामागून भावोजी बाहेर आले. चालत येताना माझ्याकडे बघितलं — भिंगरे, बघून घेईन तुला, असं. पण मॅडमसमोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले, उताणे.

“माझेही बघा,” म्हणाले. “बरेच दिवस झालेत.”

त्यांच्यामागून आणखी हात पुढे आले.

१७ डिसेंबर

ताई माझ्याशी बोलत नाही. पण चहात साखर जास्त घातली होती.

२१ डिसेंबर

भावोजी डॉक्टरकडून आले. जीव भांड्यात पडला — अर्धा. गेलेलं किती परत येईल सांगता येत नाही, थोडं येईलही. पण ग्राइंडर बंद केला तर इथेच थांबेल. हात उबेत ठेवायचे, सिगारेट बंद. (भावोजी म्हणाले हे तुम्ही डॉक्टर आधीच ठरवून ठेवलेलं असतं.)

आणि काढलं नाही! फोरमनकाका मालकाच्या खोलीत स्वतः गेले. काय बोलले ते काचेतून ऐकू आलं नाही, पण हात मात्र उताणे दिसले. बाहेर आले आणि भावोजींना म्हणाले, उद्यापासून तयार माल तपासायचा, कुठली कड राहिली ते तुझ्याइतकं कुणाच्या नजरेला दिसत नाही. बोटं लागत नाहीत, डोळे लागतात. काकांची स्वतःचीही तपासणी चाललीय.

मी फाउंड्रीच्या फाटकापासून घरापर्यंत पळत आले. एक चप्पल वाटेत राहिली. परत जाऊन आणली.

२३ डिसेंबर

बादलीमागे सापडलेलं ते शेवटचं पिल्लू मी घरी आणलंय. ताई म्हणते, म्हणजे तू राहणार तर. मी म्हटलं, पिल्लाला विचारते.

२८ डिसेंबर

फाउंड्रीतून भावोजींना नवा गणवेश मिळाला — डोक्यातून घालायचा, एकही बटण नाही. मॅडमनी खास शिवून घेतलाय. सकाळी मी मुद्दाम दोन्ही डोळे उघडे ठेवले. भावोजींनी तो घडी करून खुर्चीवर ठेवला, जुना शर्ट अंगात घातला आणि दारात जाऊन उभे राहिले. ताई म्हणाली, “आता काय?” ते म्हणाले, “लाव ना.”