त्याला चहा हवाच होता

मंगळवार संध्याकाळ, वर्तकनगर

टेंभी नाक्याच्या क्लासमध्ये इंग्रजीच्या परीक्षेत नापास झालो. पास झालो असतो तर वॉचमनगिरी सोडून हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीत बसणार होतो. व्याकरण जमलं, शब्दांचे अर्थही जमले. उतारा वाचून उत्तरं द्यायची, तिथं आपटलो.

उताऱ्यातला माणूस उन्हातून चालत एकाच्या घरी जातो. बाई चहा विचारते. तो म्हणतो, नको, थँक्यू. प्रश्न असा की त्याला चहा हवा होता का? मी लिहिलं, हो.

मॅडम हसल्या. "अरे, तो नको म्हणाला ना?"

"पहिल्यांदाच कोण हो म्हणतं, मॅडम? आमच्या बीडकडं पाहुण्याला तीनदा विचारावं लागतं. आणि हा तर उन्हातून चालत आलेला!"

"इंग्रज लोकांत एकदाच विचारतात रे." मग म्हणाल्या, "मी पण सासरी पहिल्या दिवशी जेवायला नको म्हणालेले. उपाशीच झोपले."

मार्क मात्र दिला नाही. पुढच्या महिन्यात परत बसायचं. तेव्हा 'नाही' लिहीन, काय करणार.

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "चार दिवस घरी ये की." नको म्हणालो. तिनं परत विचारायच्या आत फोन ठेवला, नाहीतर निघालोच असतो.