प्रेसची चिप

२८ सप्टें.
चार महिने घरी जुळवत होतो, तो चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा प्रोग्रामर आज चालला. भोकाभोकांचा झिरो बोर्ड, वायरींचं जाळं, पण कोरी चिप भरली, परत वाचली, जुळली. ही म्हणाली, आता तरी टेबल मोकळं होईल ना?
तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यातल्या, पत्रा दाबायच्या जुन्या प्रेसमधली भरलेली चिप आता मिळत नाही. एक कॉपी करून ठेवली तर बरं. मूळची गेली तर प्रेस भंगारात आणि ती चालवणारे हिरामामा घरी.

१ ऑक्टो., खंडेनवमी
मशीन बंद, पूजा. सवयीने पॅनेलला, बोर्डाला, चिपलाही हळदकुंकू लावलं. दुपारी चिप गुपचूप काढून घरी आणली. प्रोग्रामरमध्ये बसवली आणि तापली. जळका वास. टिळा नेमका चिपची दिशा दाखवणाऱ्या खाचेवर, खाच दिसलीच नाही, चिप उलटी बसली. एकवीस वर्षं मेंटेनन्स करतोय. नसती उठाठेव. लाज वाटते.

३ ऑक्टो.
मालकांना सांगितलं, चिप गेली. कशी, ते नाही सांगितलं. म्हणाले, सोमवारपर्यंत चालू कर, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो.
हिरामामांना मात्र सगळं सांगितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

४ ऑक्टो.
मामांच्या घरी, बोनकोड्याला. प्रेस केव्हा खाली येते, केव्हा नाही, ते विचारून लिहून घेतलं. पुढे जाळी आणि दोन हातांची दोन बटनं, हात आत राहू नये म्हणून. त्यावरूनच कोरी चिप भरायची, दुसरा इलाज नाही.
"जाली उघरी आसली का ती खाली येतच नाय. येक बटन सोरलं का थांबतं."
विचारलं, एक बटन आधीच अडकलं असेल, नि दुसरं दाबलं तर?
"तसा कवा केलाच नाय."
तिथे 'येऊ नये' असं मी माझ्या मनाने लिहिलं. पण त्यांनी कधी केलंच नाही असं आणखी काय काय असेल? मला विचारायलाही सुचलं नाही असं.

६ ऑक्टो.
चिप भरली, खाच तीनदा बघून बसवली. आधी लाकडाचा ठोकळा ठेवून चालवली. जाळी उघडून, बटन सोडून, सगळं बघितलं. बरोबर. मग मामा प्रेसवर बसले. मालक खूश, पाठ थोपटली. दिवसभर मेन स्विचवर हात ठेवून उभा होतो. पाय भरून आले.

७ ऑक्टो.
आजही उभा. मालकांना खरं सांगितलं, की चिप अंदाजाने भरलीय, तर प्रेस बंद, मामा घरी. नाही सांगितलं तर…
जेवताना मामा म्हणाले, "कवरं दिस उबा ऱ्हाशील?"
त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. भाकरी मोडत होते.