दार्जिलिंगची पावी

अल्लीपूर, १६ एप्रिल १९९८

चि. नागसेन यास नानाजीचा सप्रेम जयभीम व अ. आ.

इकडे सर्व ठीक. तुझी वहिनी ठीक, ऊन मात्र ठीक नाही. आमची मोनाली नागपूरला कॉलेजला परतताना तुझ्याकडे एक वस्तू देईल. मार्चमध्ये आम्ही पेन्शनर मंडळी दार्जिलिंगला गेलो होतो, तिथे जुन्या सामानाच्या दुकानात आठवण म्हणून घेतली. टिनाची, दीड वीत लांब, सहा भोकांची पावी आहे. नाव नाही, शिक्का नाही. विकणारी बाई एवढंच म्हणाली की बहुत पुराना है. बाकीचा इतिहास अल्लीपूरला पोचेपर्यंत मीच तयार केला.

परवा जयंतीच्या कार्यक्रमात ती काढून दाखवली आणि हिमालयातल्या मठात भिक्खू ती वाजवत, असं सांगून बसलो. दोन शब्द बोलायचे होते, वीस मिनिटं बोललो. आता विहार समितीचे महादेवराव म्हणतात की बुद्धपौर्णिमेला ती काचेच्या पेटीत ठेवायची आणि मीच माहिती द्यायची. सुताराने पेटी करायला घेतलीसुद्धा. तपासल्याशिवाय काही मानू नका, असं छत्तीस वर्षं शाळेत पोरांना बजावलं, आणि त्यातल्या एकानेही मला काही विचारलं नाही. तेव्हा तूच कुणाला तरी विचार. मठाची निघाली तर माझी अब्रू वाचेल. नाही निघाली तर फक्त मला कळव.

मायेत उणं पडू देऊ नको.
तुझा भाऊ, नानाजी

नागपूर, २७ एप्रिल १९९८

ती. भाऊ व वहिनी यांस नागसेनचा सविनय जयभीम. वि. वि.

मठाची नाही. वाईट बातमी आधी सांगून टाकली, म्हणजे पुढचं तुम्ही नीट वाचाल.

इतवारीत बॅण्डचे बाजे दुरुस्त करणारे प्रेमदास आहेत, त्यांना दाखवली. त्यांनी आधी ती उलटी केली. पत्रा गुंडाळून मागच्या बाजूला सांधा मारलेला, वर जाड आणि खाली निमुळती, तोंडात लाकडाचा गट्टू. प्रेमदास म्हणाले की हा विलायती बाजा आहे, टिन व्हिसल म्हणतात, तिकडे पोरंसोरं यावर शिकतात. एका भोकाच्या कडेला जुना काळा रंग राहिला होता, तोही त्यांनी दाखवला. कारखाना आणि साल मात्र सांगता येत नाही. नाव रंगासोबत गेलं असेल, किंवा कधी नसेलच. दार्जिलिंगला कुणा साहेबाच्या लेकराची राहिली असेल, हा माझा अंदाज. कृपा करून त्याचा इतिहास करू नका.

भाऊ, प्रेमदास काही अल्लीपूरला येत नाहीत आणि मी बोलणार नाही. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पावी मोनालीसोबत परत पाठवतो.

रागावलात तरी पत्र पाठवा.
आपला, नागसेन

अल्लीपूर, ४ मे १९९८

चि. नागसेन यास अ. आ.

पत्र तीनदा वाचलं, तिन्ही वेळा तेच निघालं. इकडे पेटी झाली, चांगली सागवानी. महादेवरावांनी पत्रिकेत 'प्राचीन वाद्य' छापलं. मी घसा बसल्याचं सोंग सुरू केलं होतं, पण तुझ्या वहिनीने हळदीचं दूध पाजून पाजून दोन दिवसांत बरा केला. ती म्हणते की भोकं बुजवली तर चुलीला फुंकणी तरी होईल. खोटं बोलायची भीती वाटते आणि खरं बोलायची त्याहून जास्त, हे तुला म्हणून सांगतो.

असाच आपला म्हणत राहा.
नानाजी

अल्लीपूर, १३ मे १९९८

चि. नागसेन यास सप्रेम जयभीम व अ. आ.

सांगून टाकलं. माइकवर म्हणालो की ही मठाची नाही, विलायती पोरांची पावी आहे, मी न तपासता बोललो. महादेवराव पत्रिकेची घडी घालत बसले. मग टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, त्या मला फार आवडल्या. चूक कबूल करणारा मोठा माणूस म्हणून मी फुगून उभा होतो.

तेवढ्यात मागून कवडू उठला. मोटारपंप दुरुस्त करतो, माझाच विद्यार्थी. म्हणाला की गुरुजी, चौसष्ट साली तुमी मले चौथीत नापास केलतं, तेबी एकडाव तपासून पाहा. सगळे हसले, मीही हसलो. कवडू हसला नाही.

त्यानंतर तो शाळेत आलाच नव्हता, हे मला ठाऊक होतं. नापास का केलं ते आठवेना. काल सकाळी त्याच्या घरी गेलो आणि तसंच सांगितलं. फार लाज वाटली. त्याने हातातला पाना खाली ठेवून मला खुर्ची दिली. म्हणाला की एका गणितापायी राह्यलो, त्यावर तुमी फुली मारलती, ते गणित मले अजून पाठ हाये. मी म्हणालो सांग. त्याने उभ्या उभ्या सगळी रीत सांगितली.

नागसेन, उत्तर बरोबर आहे.

लोभ राहू दे, सध्या मला तो लागतो.
नानाजी